सात खाचा

“हात लावायचा नाही मॅडम,” फौजदार इंगवले म्हणाले आणि त्यांनी लाखेचं सील माझ्यासमोर फोडलं. “कापायचा नाही, घासायचा नाही, पुसायचासुद्धा नाही. जसा दिला तसा परत पाहिजे. कोर्टात जायचाय तो.”

कापडी पिशवीतून त्यांनी एक लोखंडी तुकडा काढून टेबलावरच्या कागदावर ठेवला. अंगठ्याहून जाड, चार बोटं लांब, एका टोकाला तुटलेला. ट्रॉलीच्या हुकात घालतात ती पिन. तिचा उरलेला अर्धा भाग उसाच्या पाचटात कुठं गेला, तो कधीच सापडला नाही.

“संपतराव डुबलचा ट्रॅक्टर,” इंगवले सांगू लागले. “मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. खडकेवाडीच्या चढावर मागच्या ट्रॉलीची पिन तुटली आणि ट्रॉली उलटी घरंगळत आली. मागून ऊसतोडीच्या टोळीतल्या दोघी चालत येत होत्या. रुक्मिण आणि कौसा मिसाळ, सख्ख्या जावा. पाटोद्याकडच्या. दोघी जागीच गेल्या. वीस वर्षं नोकरी केली, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.”

“आणि संशय कुणावर आहे?”

“अप्पालाल शिकलगार. कारखान्याच्या रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं शेड आहे. हंगामाच्या सुरुवातीला ही पिन त्यानंच बसवली. त्याच दिवशी डुबलनं त्याला चारचौघांत थोबाडीत दिली होती, आणि हा ओरडला होता, ‘एक दिवस पिन तुटंल आन् ट्रॉली रस्त्यावर लोळंल.’ ऐकणारे दहा साक्षीदार आहेत.”

“थोबाडीत का दिली?”

“असेल काहीतरी. मला एवढंच सांगा, पिन आपली आपण तुटली, की कुणी आधी घाव घालून ठेवला होता?”

थोबाडीत का दिली, हे मी पुन्हा विचारलं नाही. ते माझं कामच नव्हतं.

ही २००३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी धातुशास्त्र शिकवत होते. वय एकतीस, आणि शहाणपणाचं अजीर्ण झालेलं. सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत लोखंड ठेवलं की एका वेळी त्याचा एकच थर स्पष्ट दिसतो, त्याच्या वरचं आणि खालचं सगळं धुरकट. म्हणून भिंग केसाहून कमी अंतर सरकवायचं आणि फोटो काढायचा. पुन्हा सरकवायचं, पुन्हा फोटो. असे साठेक फोटो झाले की कुठला ठिपका कितव्या फोटोत स्पष्ट आला, हे संगणकानं शोधायचं. त्यावरून तो किती उंचीवर आहे ते कळतं. विहिरीचं पाणी उतरत जातं तशी एकेक पायरी उघडी पडते, तसंच. सगळे ठिपके आपापल्या उंचीवर बसवले की पडद्यावर डोंगरदऱ्यांसकट अख्खा पृष्ठभाग उभा राहतो आणि तो कुठल्याही बाजूनं फिरवून बघता येतो. हा प्रोग्राम मी दोन वर्षं खपून स्वतः लिहिला होता. कॉलेजात त्याची आवई उठली होती, ती बहुतेक मीच उठवली होती.

तोवर प्रत्येक वेळी फोटो मी स्वतः काढत असे. त्या दिवशी मात्र मला दुपारचे दोन तास शिकवायचं होतं आणि इंगवले संध्याकाळपर्यंत थांबायला तयार नव्हते. मी आमच्या प्रयोगशाळेचे सहायक ऐनापुरे मामा यांना हाक मारली. तीस वर्षं त्यांनी त्या सूक्ष्मदर्शकाची देखभाल केली होती. त्यांच्या कारकिर्दीत एकाही भिंगाला ओरखडा गेला नव्हता, हे ते प्रत्येक नव्या मुलाला बजावून सांगत.

“मामा, साठ फोटो. एकसारख्या अंतरानं. जमेल ना?”

“तुमी शाळेत होता तवापासनं हेच करतोय मॅडम,” मामा म्हणाले. “भिंग कसं हलवायचं ते मला नका शिकवू. तुमी जावा तासाला.”

मी हसले आणि गेले. चार वाजता परत आले तर बासष्ट फोटो नंबरवार तयार होते. मामा चहा पीत बसले होते आणि इंगवले पंख्याखाली पेंगत होते.

प्रोग्राम चालायला तेव्हा वीस मिनिटं लागत. पडद्यावर पिनेचं तुटलेलं तोंड हळूहळू उभं राहिलं. बराचसा भाग साधा, दाणेदार. पण एका बाजूच्या कडेला, ओळीनं, आत शिरलेल्या सात खाचा होत्या. अगदी स्पष्ट. मी चित्र फिरवलं, वाकडं केलं, रंग चढवले. सगळ्यात खोल जागा निळी, सगळ्यात उंच जागा लाल. सातही खाचा निळ्याशार दिसायला लागल्या.

इंगवले खडबडून उठले. “हे काय आहे?”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” मी म्हटलं. हे वाक्य मी त्याच शब्दांत म्हटलं, मला पक्कं आठवतं. “कुणीतरी कडेवर कानस मारलेली आहे. एकाच जागी, सात वेळा. लोखंडाला अशी खाच पडली की ताण तिथंच गोळा होतो. तिथूनच ते तडकतं.”

“कानस? नक्की?”

“कानस किंवा तसलंच एखादं हत्यार.”

मला कानशीबद्दल कुणी विचारलेलं नव्हतं. ते मी माझ्या हुशारीनं जोडलं, आणि रिपोर्टातही तसंच लिहिलं. मामा मागं उभे राहून बघत होते. ते इतकंच म्हणाले, “सात घाव आन् सगळे इतके एकसारखे? हातानं मारलेले वाटत न्हाईत.” मी म्हटलं, “मामा, तो कारागीर आहे. त्याचा हात बसलेला असणार.” ते भिंग पुसायला लागले. मला मात्र बरं वाटलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझं काम खरोखरच्या जगात लागू पडलं होतं.

चौथ्या दिवशी इंगवल्यांचा फोन आला. “मॅडम, त्या चित्राची मोठी प्रत काढून आणता का? गडी काही कबूल होत नाही. पिनेला हात लावला नाही, असंही म्हणत नाही, आणि घाव घातला असंही म्हणत नाही.”

नको म्हणायला हवं होतं. पण मी मिरजेला जाऊन कॅलेंडरएवढी रंगीत प्रत काढली आणि ठाण्यात घेऊन गेले. मला ती दाखवायची होती.

अप्पालाल भिंतीशी उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. ठिणग्यांनी शर्टाला भोकं पडलेली. एक डोळा सुजला होता, आणि तो कशानं सुजला हे विचारायची गरज नव्हती. मला बघून तो उठून उभा राहिला. इंगवल्यांनी चित्र टेबलावर पसरलं.

“बघ. मॅडमनी मशीनवर काढलंय. तुझी पिन आहे ती.”

तो वाकला. मला वाटलं होतं, तो म्हणेल हे खोटं आहे, मला काही कळत नाही. पण तो कारागीर होता. पाच मिनिटं त्यानं चित्रावरून नजर उचलली नाही. मग माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, “ह्ये निळं हाय, ते आत गेल्यालं हाय?”

“हो. जितकं निळं तितकं खोल.”

“आन् ही बाजू? हुकाकडची का वरची?”

“हुकाकडची.”

“मग बराबर हाय,” तो म्हणाला. “तिथं बुर राहिली व्हती, लोखंडाची उठल्याली कड. पिन भोकात जाईना. म्या कानस मारली तिथं.”

इंगवल्यांनी हवालदाराला लिहून घ्यायची खूण केली.

“जाणूनबुजून मारली न्हाई साहेब,” अप्पालाल म्हणाला. “पर त्या दिवशी डोस्कं फिरलं व्हतं. माणसांसमोर मारलं व्हतं मला. ट्रॉलीच्या फळ्या दीड फूट वाढवून दे म्हणाले, जादा ऊस बसंल. म्या न्हाई म्हणालो. म्हणालो, पिनेला ह्यो भार सोसणार न्हाई, एक दिवस तुटंल, ट्रॉली रस्त्यावर लोळंल. त्यावर मारलं. मग सांजच्याला फळ्या दुसरीकडनं वाढवून आणल्या आन् पिन माझ्याकडनंच बसवून घेतली. रागात हात जड पडला आसंल. बुर काढायची तर एक हात पुरं. म्या सात मारले?” तो पुन्हा चित्राकडं वळला. त्यानं बोटानं एकेक खाच मोजली. “सातच हायेत.”

मग तो खाली बसला आणि रडायला लागला. आवाज न करता. “दोन बाया,” तो म्हणाला. “माझ्या हातानं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅजिस्ट्रेटसमोर हेच सांगितलं, मार न खाता, स्वतःहून. मी घरी आईला म्हटलं होतं, “माणूस मनानं वाईट नव्हता गं.” त्याच्या तोंडून डुबलचं, फळ्यांचं, भाराचं सगळं ऐकूनही माझ्या डोक्यात किडा वळवळला नाही. चित्र माझं होतं ना.

फेब्रुवारीच्या शेवटी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी प्रोग्राम दाखवत होते. एका मुलीनं पर्समधून एक रुपयाचं नाणं काढलं. “मॅडम, ह्याचं करून दाखवा ना.” वर्ग भरलेला होता, म्हणून फोटो काढायला मी पुन्हा मामांनाच बसवलं. तीसेक फोटो झाले, प्रोग्राम चालला, आणि पडद्यावर रुपयाचा आकडा आला तो आत रुतलेला. नाण्यावर उठून आलेला आकडा चिखलात काठीनं ओढल्यासारखा खोल दिसत होता.

पोरं हसायला लागली. “मॅडम, रुपया उलटा झाला!”

मीही हसत होते. ते हसू तोंडावर असतानाच मी मामांकडं वळले.

“मामा,” मी विचारलं, “पहिला फोटो कुठून घेतला? वरून की खालून?”

“खालनं.”

“खालून का?”

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भाकरी कशाची करतात ते विचारलं होतं. “भिंग मालाकडं आणत न्यायचं न्हाई मॅडम. टेकतं, फुटतं. आदी बाजूनं बघून भिंग जवळ आणायचं, आन् मग डोळा लावून वर वर घ्यायचं. पयल्या दिवसापासनं हेच शिकवलंय मला. तुमी कसं करता?”

मी वरून सुरू करत असे. भिंग खाली आणत. कुणी ते असं करत नाही, करू नये, हे मलाही शिकवलेलं होतं. पण माझ्या हाताला घाई होती. आणि माझा प्रोग्राम माझ्या हाताच्या सवयीनं लिहिलेला होता. पहिल्या फोटोत जे स्पष्ट ते सगळ्यात उंच, हे त्यात मी गृहीत धरलं होतं. मामांनी शिस्तीनं, भिंग सांभाळून, खालून फोटो काढले होते. त्यांच्या पहिल्या फोटोत सगळ्यात खोल जागा होती.

वर्ग सोडून दिला. बासष्ट फोटो उलट्या क्रमानं लावून प्रोग्राम चालवला. वीस मिनिटं मी पडद्याकडं बघत बसले. कडेला सात खाचा नव्हत्या. सात उंचवटे होते. भार सोसत, रोज थोडं थोडं तडकत गेलेल्या लोखंडाच्या कडेला बारीक उंचवटे राहतात. कडेवर अनेक जागी चिरा सुरू होतात आणि दोन चिरांच्या मधे एकेक उंचवटा उरतो. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. पिनेला कुणी घाव घातला नव्हता. ती अडीच महिने जादा भार ओढून ओढून मेली होती. अप्पालालनं डुबलच्या तोंडावर सांगितलं होतं, अगदी तसंच.

“ती पिन,” मामा हळूच म्हणाले. त्यांच्याही लक्षात आलं होतं. “तीबी म्याच काढली व्हती.”

“तुमचं काही चुकलं नाही मामा.”

“एकदा इचारायचं तरी,” ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत चार महिने ते माझ्या टेबलाशी आले नाहीत.

मी दुसरा रिपोर्ट लिहून इंगवल्यांकडं गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

“म्हणजे खड्डा होता त्याचा डोंगर झाला?”

“आधीपासून डोंगरच होता. मी चुकले. मला पिन द्या. दोन मिनिटांचं काम आहे, त्या कडेवरून नुसतं नख फिरवलं तरी कळेल.”

“आता कोर्टाची परवानगी लागेल,” ते म्हणाले. “आणि मॅडम, चित्र बाजूला ठेवा. त्यानं स्वतः कबूल केलंय.”

“चित्र बघून कबूल केलंय!”

रिपोर्ट मात्र त्यांनी फाइलीला लावला. एवढं त्यांच्याबद्दल खरं सांगायला हवं.

अप्पालालच्या वकिलाला धरून मी त्याला जेलात भेटले. तो आणखी बारीक झाला होता. जाळीपलीकडून मी त्याला सगळं समजावून सांगितलं. भिंग कसं हलतं, मामांनी खालून कसं सुरू केलं, मी कुठं चुकले. नवं चित्र जाळीला लावून धरलं. त्यात त्या सात जागा लालभडक होत्या.

“तुमच्या कानशीचं काही नाही हो. एक हात मारून तुम्ही बुर काढली असेल, तेवढंच. तिचा तुटण्याशी काडीचा संबंध नाही. तुम्ही आधीच सांगितलं होतं तेच खरं. भारानं तुटली.”

त्यानं चित्राकडं बघितलं, पण मागच्यासारखं नाही. ओझरतं.

“भाभी आली व्हती का तुमच्याकडं?” त्यानं विचारलं. भाभी म्हणजे त्याची बायको जैनब. सगळा गाव तिला भाभी म्हणायचा, तोही.

“नाही. कुणी आलं नाही.”

“आली आसंल. तुमच्या पाया पडली आसंल.” तो जरासा हसला. “तुमी चांगल्या हाय मॅडम. मला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांबनं आला.”

“अहो, हे खरं आहे!”

“पयलं चित्र घेऊन आला तवा तुमी लई खात्रीनं बोलत व्हता,” अप्पालाल म्हणाला. “आज तुमचा आवाज कापतोय.”

मी खूप बोलले. रडलेसुद्धा, आणि त्यानं सगळं आणखीच बिघडलं. वेळ संपली तेव्हा त्यानं हात जोडले.

पिन बघायची परवानगी अकरा महिन्यांनी मिळाली. मुद्देमालाची खोली पावसाळ्यात गळली होती. पिशवीतून निघालेल्या तुकड्याचं तोंड गंजानं खाऊन सपाट झालं होतं. त्यावर नख फिरवलं, तर बोटाला नुसती तांबडी भुकटी लागली.

दुसऱ्या रिपोर्टामुळं डुबललाही आरोपी केलं होतं. त्याच्या वकिलानं माझे दोन्ही रिपोर्ट दोन हातांत धरले. “एकच पिन, एकच मॅडम, तेच बासष्ट फोटो. जानेवारीत खड्डा, मार्चमध्ये डोंगर. महाराज, आणखी दोन महिने थांबलो तर सपाटसुद्धा होईल.” कोर्टात हशा पिकला. मी पिंजऱ्यात उभी होते आणि मला त्याचं एकही वाक्य खोडता आलं नाही. जादा भाराचा दुसरा पुरावा कुठं होता? फळ्या केव्हाच कापून टाकल्या होत्या. डुबल सुटला. अप्पालालही संशयाचा फायदा मिळून सुटला, तेरा महिन्यांनी. खरं काय घडलं ते मला एकटीला पक्कं ठाऊक होतं, आणि माझ्या शब्दाला त्या खोलीत कवडीची किंमत उरली नव्हती.

त्याच्या घरी जाऊन माफी मागायची, हे मी त्याच दिवशी ठरवलं होतं. हिंमत व्हायला चार वर्षं लागली.

मे महिन्यातली सकाळ होती. कारखान्याच्या रस्त्यावरचं शेड बंद होतं, त्यात कुणीतरी कडबा भरून ठेवला होता. मागं घर. दारात जैनबभाभी गहू निवडत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, पण त्या उठल्या नाहीत.

“घरात न्हाईत ते. पाटोद्याला गेलेत.”

“पाटोद्याला?”

“त्या बायांच्या घरी. दर साली जातात, हंगाम सुटला आन् ती माणसं गावी पोचली की. पयल्या साली त्यांनी दगडं मारली. टाके पडले व्हते. दुसऱ्या साली दारात बसू दिलं. औंदा म्हणं पोरांनी भाकरी खा म्हणून निरोप धाडला व्हता.”

“पण कशासाठी जातात?”

“माफी मागायला.”

“भाभी, त्यांचा काही गुन्हा नव्हता,” मी म्हटलं. “पिन भारानं तुटली. चूक माझी होती. मी जेलात जाऊन त्यांना सांगितलं होतं, कोर्टात सांगितलं. तुम्ही तरी त्यांना सांगा.”

“म्या सांगून सांगून थकले,” जैनबभाभी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “कानस हातात धरत न्हाईत तेवापासनं. म्हणतात, मॅडमचं काळीज मोठं हाय, माझ्यापायी सोताला खोटं पाडून घेतलं. पर त्या सात खाचा म्या डोळ्यांनी बघितल्यात, म्हणतात.”

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“आता तुमीच सांगा मॅडम, डोळ्यांनी बघितल्यालं कसं पुसायचं?”